आरशात दिसले नाही, तर थांब

अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. मका, सोयाबीन आणि डुकरं यांवर चालणारं. त्याच्या उत्तर भागात फॉरेस्ट सिटी हे चारेक हजार वस्तीचं गाव. चहूकडे शेती, पण गावाचं नाव झालं ते विनेबेगो कंपनीच्या कारखान्यामुळे. १९६६ सालापासून तिथे चाकांवरची घरं तयार होतात. एकाच गाडीत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, संडास, सगळं. दर जुलैत अशा गाड्यांचे मालक देशभरातून मेळाव्याला येतात आणि गाव गाड्यांनी भरून जातं. आपल्याकडचे आईवडील मुलांकडे सहा महिने राहायला जातात, तेव्हा हायवेवर ही घरं त्यांना हमखास दिसतात. 'या वयात ही माणसं निघालीत तरी कुठे?' असा प्रश्नही हमखास पडतो.

ही गोष्ट अशाच दोघांची. नावं विचारू नयेत; बोधकथेतल्या माणसांना नावं नसतात. म्हातारा शेतकरी होता. म्हातारी कारखान्यात शिवणखात्यात होती, गाद्यांच्या खोळी आणि खिडक्यांचे पडदे शिवायची. जन्मभर तिने दुसऱ्यांच्या प्रवासाच्या गाद्या शिवल्या आणि झोपली मात्र घरच्याच पलंगावर.

निवृत्त झाली त्या रात्री ती म्हणाली, "मला एकदा तसल्या गादीवर झोपायचंय."

"कुठे?"

"जिथे थांबू तिथे."

मुलगा दूरच्या राज्यात नोकरीला होता, त्याला शेतीत रस नव्हता. त्यांनी जमीन शेजाऱ्याला विकली, अवजारांचा लिलाव केला, घरातलं सामान अंगणात मांडून येईल त्या किमतीला देऊन टाकलं. शेतातली पिकअप गाडी तेवढी ठेवली आणि तिच्यामागे ओढायला बत्तीस फूट लांबीचा जुना ट्रेलर घेतला. या जातीच्या ट्रेलरचा पुढचा खिळा पिकअपच्या हौद्यातल्या कडीत अडकतो. मागे चार चाकं, वर साडेबारा फुटांवर छप्पर. आत जायला तीन पायऱ्या.

असला ट्रेलर पुढे न्यायला काही लागत नाही. खरी परीक्षा मागे घेताना होते. चाक उजवीकडे वळवलं की ट्रेलरचा मागचा भाग डावीकडे जातो. नवशिक्याला सांगतात, की हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर; मग हात जिकडे नेशील तिकडे ट्रेलर जाईल. म्हाताऱ्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती. चाळीस वर्षं त्याने गवताने भरलेले गाडे कोठारात मागे घातले होते. पहिल्या मुक्कामाला, ट्रेलरवाल्यांच्या तळावर, पोहोचल्यावर म्हातारी उतरून मागे उभी राहिली, तर तो खिडकीतून म्हणाला, "तू कशाला उन्हात उभी राहतेस? मला येतं."

ती उभी राहिली ती राहिलीच. संध्याकाळची वेळ होती. आजूबाजूच्या जागांवरची माणसं घडीच्या खुर्च्या टाकून बसली होती. नवं जोडपं ट्रेलर मागे घेताना बघणं ही तिथली संध्याकाळची करमणूक, पण शिस्त अशी की गाडी जागेवर लागेपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. तिने हात वर केला. तो आरशात बघत होता, पण ट्रेलरच्या चाकाकडे. ती ओरडली. इंजिनाच्या आवाजात ते विरून गेलं. ओकच्या झाडाची एक जाड फांदी नेमकी साडेबारा फुटांच्या जरा खाली आलेली होती. छपराची कड वीतभर फाटली.

रात्री पाऊस आला. तिने पातेलं लावलं आणि रात्रभर थेंबांचा टपटप आवाज दोघांनी न बोलता ऐकला. (संसारात असे आवाज फार जपून ऐकावे लागतात.)

सकाळी शेजारच्या ट्रेलरमधली बाई छपराला लावायची चिकटपट्टी घेऊन आली. वयाने दोघांहून मोठी, कित्येक वर्षं रस्त्यावर काढलेली. पट्टी लावता लावता म्हणाली, "डावं-उजवं म्हणत जाऊ नका. घाईत कुणाचं डावं नि कुणाचं उजवं, याचा घोळ होतो. गाडीत जो जिकडे बसतो ती त्याची; 'तुझी बाजू' आणि 'माझी बाजू' एवढंच म्हणा. ओरडू तर नकाच, काही ऐकू येत नाही." मग म्हाताऱ्याकडे वळून तिने मुख्य गोष्ट सांगितली. "गाडी तुला येते, मला दिसलं ते. पण मागचं तुला दिसत नाही, तिला दिसतं. तुझ्याकडे फक्त दोन आरसे. तिने कायम त्यांतल्या एकात राहायचं. आणि ती आरशात दिसेनाशी झाली की तू ब्रेक दाबायचास. ती कुठे गेली, का गेली, काय म्हणतेय, ते सगळं नंतर. आधी थांबायचं."

म्हाताऱ्याला राग आला, पण छप्पर त्याचंच फाटलं होतं. त्याने मान हलवली.

पुढची नऊ वर्षं ते फिरले. हिवाळ्यात दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला, पक्ष्यांसारखं. अॅरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी माळावर १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत राहायचा परवाना तेव्हा १८० डॉलरला मिळायचा. सात महिन्यांचं भाडं एवढंच. बाकी पाणी आणा, वीज सूर्याकडून घ्या. तिथल्या स्मशानात दगडी पिरॅमिड आहे, त्यावर धातूचा उंट. खाली हाजी अली झोपलाय. १८५६ साली अमेरिकन सैन्याने वाळवंटासाठी उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेला. उंटांचा बेत फसला, तो मात्र परत गेला नाही. १९०२ मध्ये तिथेच वारला. म्हातारा दर हिवाळ्यात त्या उंटाला सलाम करून यायचा.

उन्हाळ्यात एखाद्या सरकारी जंगलात तळाची राखण करायची, त्याबदल्यात जागा फुकट. ऑक्टोबरमध्ये उत्तरेच्या रेड रिव्हर खोऱ्यात बीटाचा हंगाम. साखरेच्या बीटाचे ट्रक दिवसरात्र येत राहतात आणि बारा-बारा तासांच्या पाळ्यांत थंडीत उभं राहून ते रिकामे करून घ्यायचे. कष्टाचं काम, पण त्या पैशांत हिवाळा निघायचा. बासष्ट वर्षं पूर्ण केलेल्या तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना ८० डॉलरमध्ये सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा जन्मभराचा पास मिळतो, तो त्यांच्याकडे होताच. टपाल टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टनला यायचं. अशाच भटक्यांचा, १९७८ साली सुरू झालेला क्लब तिथे आहे, तो हजारोंचं टपाल सांभाळतो आणि सांगाल तिथे पाठवतो. घर नव्हतं, पण पत्ता होता.

त्या नऊ वर्षांत ट्रेलर शेकडो वेळा मागे घेतला गेला. ती आरशात उभी, हात वर, तळवे आत वळवलेले: ये, ये, ये. मग मुठी आवळलेल्या: थांब. शब्द एकही नाही. निघतानाही तसंच. आधी तो ट्रेलरभोवती एक फेरी मारायचा, मग ती, उलट्या दिशेने. चाकाखालचा अडसर काढला का, पायऱ्या आत घेतल्या का, छपरावरचा टीव्हीचा अँटेना खाली केला का. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसायचं. आणि आत राहणं काय, दोनशे-अडीचशे चौरस फुटांचं. तो कुशीवर वळला तरी जमीन हलायची आणि तिला कळायचं. भांडण झालं तर रुसून बसायला दुसरी खोली नव्हती. ती पायरीवर जाऊन बसायची, आणि पाच मिनिटांनी त्यालाच बाहेर जायचं असायचं, तेव्हा तिला उठावं लागायचं. अर्धी भांडणं जागेअभावीच मिटली.

दहाव्या वर्षी, एका संध्याकाळी, नेहमीसारखा ट्रेलर मागे घेताना म्हाताऱ्याने मध्येच ब्रेक दाबला. ती हात वर करून उभीच होती. ये, ये, ये. तो हलेना. ती चालत खिडकीपाशी आली.

"का थांबलास?"

"तू आरशात नव्हतीस."

"मी तिथेच होते."

"मला दिसली नाहीस."

ती परत जाऊन उभी राहिली. तिथूनच एक पाऊल बाजूला झाली. "आता?" आता दिसली. एक पाऊल परत आली. गेली. आरसा पुसला, तरी तेच.

डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. त्यात डोळ्यातला दाब मज्जातंतूला मारत जातो, आणि नजर बहुधा कडेने तुकड्यातुकड्याने जाते. सहसा दुखत नाही, खुपत नाही. मधली नजर स्वच्छ असते, त्यामुळे माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि आपलं काही गेलंय हे त्याला कळतच नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंब घालून राखायची. "तुम्हाला कळलं कसं?" डॉक्टरांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, "आमचा एक नियम आहे."

किल्ली खुंटीला लागली. या भटक्यांत असंच म्हणतात. ज्याने गाडी चालवणं सोडलं त्याने किल्ली टांगली. लिव्हिंग्स्टनच्या त्या क्लबात थकलेल्या भटक्यांना आपापल्या गाडीतच राहून जेवण आणि मदत मिळेल अशी सोय होती. ते जाऊन बघून आले. म्हातारीला ते पटलं नाही. "आता मला न हलणारी भिंत पाहिजे," ती म्हणाली. शिवाय त्या तीन पायऱ्या होत्याच.

ट्रेलर विकला. अॅरिझोनात टूसॉनच्या दक्षिणेला ग्रीन व्हॅली म्हणून वस्ती आहे, बहुतेक सगळी निवृत्तांची. गल्ल्यांतून गोल्फच्या छोट्या गाड्या फिरतात, पलीकडे पेकानच्या बागा, पूर्वेला सांता रीटाचे डोंगर. तिथे त्यांनी घर घेतलं. तीन खोल्या झोपायच्या, दोन न्हाणीघरं, गॅरेज, मागे भिंतीने वेढलेलं खडीचं अंगण आणि त्यात एक लिंबाचं झाड.

पहिले पंधरा दिवस दोघं हॉलमध्येच राहिली, एवढ्या जागेचं करायचं काय ते न कळून. मग कळलं. तिने एका खोलीत शिवणाचं मशीन मांडलं. त्याने गॅरेजमध्ये हत्यारं लावली आणि रेडिओ आणला. तो लवकर उठायचा, ती उशिरा. तो घोरतो म्हणून ती दुसऱ्या खोलीत झोपायला लागली; ट्रेलरमध्येही तो घोरतच होता, पण तिथे दुसरी खोली नव्हती. न्हाणीघरं दोन, टीव्ही दोन. हळूहळू जेवणाच्या वेळाही दोन झाल्या. कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. उलट भांडण असं झालंच नाही त्या वर्षभरात. शेजारी म्हणायचे, किती शांत जोडपं आहे.

जूनमध्ये तिकडे पारा चाळिशीला टेकतो. एका दुपारी म्हातारा लिंबाच्या ठिबक नळीची गळती बघायला अंगणात गेला. दाराबाहेर एक पायरी होती. ती नेमकी त्याच्या नजरेच्या गेलेल्या तुकड्यात आली. तो पडला, मनगट मोडलं, आणि तापलेल्या खडीवरून त्याला उठता येईना. त्याने हाका मारल्या. आत एसी चालू, शिवणाचं मशीन चालू, आणि मध्ये तीन दारं.

साडेबाराला म्हातारी स्वयंपाकघरात आली. तिने हाक मारली, उत्तर आलं नाही. गॅरेजमध्ये रेडिओ वाजत होता. म्हणजे तो तिथे आहे, असं तिने धरलं. सँडविच केलं, दोन. एक खाल्लं. दुसरं ताटलीखाली झाकून ठेवलं आणि परत शिवायला बसली. कितीतरी वेळाने दोरा संपला, म्हणून उठली आणि सहज काचेच्या दाराबाहेर बघितलं.

तो वाचला. ऊन लागलं होतं, खडीने पाठ आणि दंड भाजले होते, मनगटाला प्लास्टर. इस्पितळातून घरी आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रेडिओ ऐकला आणि मला वाटलं, तू आहेस. नऊ वर्षं मी आवाजावर कधी विश्वास ठेवला नव्हता. डोळ्यांनी बघत होते."

"घर मोठं घेतलं, तिथे चुकलं," तो म्हणाला.

"घराचं काही चुकलेलं नाही. आपण ट्रेलर विकला तेव्हा नियमही त्याच्याबरोबर देऊन टाकला. तो ट्रेलरचा नव्हता, आपला होता. जवळ राहत होतो म्हणून एकमेकांकडे लक्ष होतं, आणि आपल्याला वाटलं की आपलं लक्षच फार. लांब राहिलं की लक्ष मुद्दाम ठेवावं लागतं."

दुसऱ्या दिवशी ती हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि गोल फुगीर आरसा घेऊन आली. दुकानाच्या कोपऱ्यात किंवा पार्किंगच्या वळणावर लावतात, तसला. बोळाच्या कोपऱ्यात छताजवळ तो ठोकला. शिवणाच्या खुर्चीवरून मान वर केली की त्यात गॅरेजचं दार आणि अंगणाचं काचेचं दार, दोन्ही दिसायची. म्हातारा म्हणाला, "घराचं दुकान केलंस." पण नियम दोघांचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. अंगणात जायचं तर रेडिओ बंद करायचा, आरशाखाली उभं राहायचं, हात वर करायचा. तिकडून तिचा हात वर झाला की मग दार उघडायचं. आणि बराच वेळ कुणी दिसलं नाही, तर तिने मशीन थांबवायचं. आधी थांबायचं, मग बघायला जायचं. ती मशीनवर आहे की नाही हे बघायला तो दर थोड्या वेळाने बोळाच्या तोंडाशी यायचा. वाटेत चहाची आठवण व्हायची. जेवणाच्या वेळा पुन्हा एक झाल्या त्या या येण्याजाण्यातून; कुणी ठराव केला नाही.

आरशाचा घोटाळाही एकदा झाला. तिकडे हावेलीना नावाचं रानडुकरासारखं जनावर आहे, ते रात्री-पहाटे वस्तीत शिरून कुंड्या फस्त करतं. एका पहाटे म्हातारीने आरशात बघितलं, तर अंगणात कुणीतरी ओणवं होऊन तिच्या जिरेनियममध्ये काहीतरी करत होतं. "अरे, स्वेटर तरी घाल!" ती ओरडली. त्यावर स्वयंपाकघरातून म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाला सांगतेस?" हे तो पुढे सगळ्या गल्लीला सांगत सुटला.

गल्लीतल्या लोकांना आरशाचं आधी हसू आलं, मग दोघातिघांनी दुकानाचा पत्ता विचारला. समोरच्या घरात एक बाई एकटीच राहायची, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. ती म्हणाली, "माझ्या आरशात कोण दिसणार?" म्हातारी म्हणाली, "तू आमच्या आरशात ये." ठरलं ते असं: रोज सकाळी नऊच्या आत तिने पुढच्या खिडकीचा पडदा वर करायचा. नऊ वाजून गेले आणि पडदा खालीच असला, की म्हातारीने रस्ता ओलांडून बेल वाजवायची. आजवर तीनदा वाजवावी लागली. दोनदा बाई उशिरा उठली होती आणि चिडली. तिसऱ्यांदा तिला ताप होता.

आरसा लावायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरावर आणि घरातल्या माणसांवर आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्याची गरजही नाही. पण वाचकहो, चाळिशी उलटली असेल, आणि घरात आधी कुणाला काचबिंदू झालेला असेल तर नक्कीच, डोळे तपासून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नका. दाब मोजायला सांगा, आणि मागची नसही बघायला सांगा, कारण दाब ठीक असूनही काचबिंदू असू शकतो. जाताना घरातल्या दुसऱ्या माणसालाही बरोबर न्या, त्याचेही डोळे तपासायचे राहिलेले असतात.